बीटी कपाशी आणि शेतातील निरपराध कीटक



कपाशीवरील किड्यांविषयी उदगीरला व्याख्यान ठेवावे, ह्यात प्रथमदर्शनी थोडा विक्षिप्तपणा वाटेल. आपल्या शिवारात सोयाबीन आहे, तूर आहे, हरभरा आहे. मोंढ्यात आवक होते ती ह्यांची, आणि गिरण्या चालतात त्या डाळीच्या. कपाशीचे रान पाहावयाचे तर नांदेड किंवा परभणीकडे जावे लागेल. तेव्हा हा विषय तिकडच्या मंडळींनी ऐकावा, आपल्याला त्याचे काय, अशी शंका कुणाच्या मनात आली असल्यास ती रास्त आहे, आणि तिचे समाधान केल्यावाचून पुढे जाणे बरे नाही.

हरभऱ्याच्या घाट्यात डोके खुपसून अर्धे अंग बाहेर ठेवणारी जी हिरवट अळी, तिला आपण घाटेअळी म्हणतो. तीच तुरीच्या शेंगा पोखरते. तीच टोमॅटोत शिरते. आणि तीच कपाशीच्या बोंडात सापडली म्हणजे तिला अमेरिकन बोंडअळी असे भारदस्त नाव मिळते. खरे पाहता ती अमेरिकेची नव्हेच, ती आपल्या जुन्या जगातलीच आहे. परंतु आपल्याकडे आगंतुकाला परदेशी नाव दिले की मनाचे समाधान होते! शास्त्रज्ञांच्या दप्तरी ह्या सगळ्या अळ्यांचे नाव एकच आहे: हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. तिचा पतंग रात्री उडतो आणि त्याला तालुक्याची शीव ठाऊक नसते. पावसाळ्यात कपाशीवर वाढलेली पिढी हिवाळ्यात तुरीवर आणि हरभऱ्यावर येऊन अंडी घालते. म्हणून नांदेडकडच्या शेतकऱ्याने कपाशीचे कोणते बी पेरले, ही गोष्ट उदगीरच्या हरभऱ्यालाही लागू होते. ती कशी लागू होते हे शेवटी सांगू. आधी त्या बियाची हकीकत सांगितली पाहिजे.

ही हकीकत सुरू होते ती कापसापासून नव्हे, तर रेशमापासून. सन १९०१ मध्ये जपानात इशिवाता नावाच्या शास्त्रज्ञाला असे आढळले, की रेशमाचे किडे एकाएकी मान टाकून मरताहेत, आणि त्यांच्या शरीरात एक विशिष्ट जिवाणू आहे. पुढे १९११ मध्ये जर्मनीतील थुरिंगिया प्रांतात बर्लिनर ह्या संशोधकाला पिठातल्या पतंगाच्या अळीत तोच जिवाणू सापडला. प्रांताच्या नावावरून त्याचे नाव पडले बॅसिलस थुरिंजिएन्सिस. बीटी ही त्याचीच आद्याक्षरे. ज्या जिवाणूला आज आपण शत्रुकिडीचा काळ म्हणतो, त्याचा पहिला ज्ञात बळी कोणी शत्रू नव्हता. माणसाने हजारो वर्षे तुतीचा पाला घालून सांभाळलेला तो रेशीमकिडा होता. इतर कीटकांचे काय होईल हा प्रश्न आज कुणी उगाच काढलेला नाही. तो ह्या जिवाणूबरोबरच जन्माला आलेला आहे.

हा जिवाणू मारतो कसा, हे थोडे पाहू. त्याच्या पेशीत प्रथिनाचा एक स्फटिक असतो. अळीच्या पोटातला रस आपल्या पोटातल्यासारखा आम्ल नसतो, तो क्षारधर्मी असतो. त्या रसात हा स्फटिक विरघळतो, तिथले पाचकरस त्याचे तुकडे करतात आणि त्यातला एक तुकडा आतड्याच्या पेशीवरील ठरावीक जागी जाऊन चिकटतो. कुलपाला किल्ली बसावी तसे हे बसणे आहे. किल्ली बसली की पेशीला छिद्र पडते, आतडे फाटते, अळी खाणे सोडते आणि एकदोन दिवसांत मरते. जिच्या पोटात ते कुलूपच नाही तिला ही किल्ली निरुपयोगी. ज्या प्रथिनाला क्राय वन-एसी म्हणतात त्याचे कुलूप पतंग आणि फुलपाखरे ह्या वर्गाच्या अळ्यांत असते. मधमाशीत, ढालकिड्यात, कोळ्यात, माणसात आणि गुराढोरांत ते नसते.

ह्या प्रथिनाचे जनुक कपाशीच्या बियात घालण्यात आले, आणि २६ मार्च २००२ रोजी भारत सरकारच्या समितीने अशा तीन संकरित वाणांना परवानगी दिली. ते वाण आपल्या मराठवाड्यातल्याच जालन्याच्या महिको कंपनीने अमेरिकेतील मोन्सँटो कंपनीच्या सहकार्याने केले होते. गुजरातेत तर त्याआधीच, २००१ मध्ये, असे बी परवानगीवाचून शेतात उभे असलेले सापडले होते. ते एक वेगळेच आख्यान आहे, आज त्यात शिरत नाही. दहा-बारा वर्षांच्या आत देशातल्या कपाशीच्या नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्रावर बीटी पसरली. इतक्या वेगाने दुसरे कोणते बी आपल्या शेतकऱ्याने पत्करल्याचे उदाहरण आमच्या तरी पाहण्यात नाही.

त्याने ते का पत्करले, हेही समजून घेतले पाहिजे. १९८० नंतर आलेल्या सिंथेटिक पायरेथ्रॉइड औषधांना बोंडअळी काही वर्षांतच निर्ढावली. १९८७ मध्ये आंध्रात गुंटूरकडे कपाशीचा जो नाश झाला तो ह्यामुळेच. पुढच्या दशकात शेतकरी एका हंगामात दहा-दहा, पंधरा-पंधरा फवारण्या करू लागला. देशातल्या एकूण पेऱ्यात कपाशीचा वाटा पाच टक्क्यांच्या आसपास, पण पिकांवर खर्च होणाऱ्या कीटकनाशकांपैकी जवळजवळ निम्मी एकट्या कपाशीवर पडत होती. भारतात कपाशीवर दीडशेहून अधिक जातींचे कीटक नोंदलेले आहेत. त्यांतले खरे उपद्रवी दहा-पंधरा. ती औषधे मात्र हा भेद जाणत नसत. अळीबरोबर तिला खाणाराही मरत असे. तेव्हा बीटीने निरपराध कीटकांचे काय झाले, असे विचारताना बीटीच्या आधी त्यांचे काय चालले होते, हे विसरून चालणार नाही.

आता ह्या प्रश्नावर शास्त्रज्ञांनी काय शोधले ते पाहू.

सन १९९९ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून एक लहानसा निबंध प्रसिद्ध झाला आणि जगभर खळबळ उडाली. बीटी मक्याचे पराग एका रानटी झुडपाच्या पानांवर टाकून ती पाने मोनार्क फुलपाखराच्या अळ्यांना खाऊ घातली, तेव्हा पुष्कळ अळ्या मेल्या. हे झुडूप आपल्या रुईच्या कुळातले, आणि आपल्या रुईवर जी काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी दिसते ती मोनार्कच्याच गोतातली. त्यामुळे ही बातमी आपल्यालाही परकी नव्हती. मात्र तो प्रयोग प्रयोगशाळेतला होता. शेतात पानांवर प्रत्यक्ष किती पराग पडतात, कोणत्या दिवसांत पडतात, त्या वेळी अळ्या तिथे असतात की नाही, हे २००१ पर्यंत अनेक विद्यापीठांतील लोकांनी मोजले. बहुतेक वाणांच्या बाबतीत धोका नगण्य ठरला. एका वाणाच्या परागात मात्र विष खरोखरच फार होते, आणि तो वाण बाजारातून गेला. कपाशीत हा प्रश्न तितकाही उरत नाही, कारण तिचे पराग जड आणि चिकट असतात, वाऱ्यावर उडून शेजारच्या रुईवर बसत नाहीत.

मधमाशीची चौकशी तर फारच कसून झाली. २००८ मध्ये पंचवीस निरनिराळ्या अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला गेला. त्यात ह्या प्रथिनांमुळे मधमाश्या किंवा त्यांची पिल्ले मरतात असे दिसले नाही. मावा सोंडेने झाडाचा रस ओढतो, पण त्या रसात हे विष जवळजवळ उतरतच नाही. त्यामुळे मावा मरत नाही, आणि माव्यावर जगणाऱ्या ढालकिड्यालाही विष पोचत नाही.

ह्याहून आम्हांस महत्त्वाचे वाटते ते २००७ चे काम. मिशेल मार्व्हिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतात केलेल्या ४२ प्रयोगांचे आकडे गोळा करून 'सायन्स' ह्या नियतकालिकात मांडले. त्यांचे म्हणणे असे: बीटी पिकाची तुलना औषध फवारलेल्या साध्या पिकाशी केली, तर बीटीच्या शेतात इतर कीटक अधिक आढळतात. पण तीच तुलना मुळीच न फवारलेल्या साध्या पिकाशी केली, तर बीटीच्या शेतात काही वर्गांचे कीटक थोडे कमी भरतात. श्रोतेहो, बीटीच्या वादात दोन पक्ष आहेत, आणि दोघेही ह्याच निबंधाचा अर्धा अर्धा भाग खिशात घालून हिंडतात. एकाने पहिले वाक्य पाठ केलेले आहे, दुसऱ्याने दुसरे. दोन्ही वाक्ये खरी आहेत. आपल्या शेजारच्या शेतकऱ्याला नेमके कोणते लागू पडते, ते त्याच्या पाठीवरचा पंप रिकामा आहे की भरलेला, ह्यावरून ठरते.

हे काम आपल्या परिसराजवळही झालेले आहे. येथून बिदर-जहिराबादमार्गे हैदराबादकडे जाताना पटनचेरू लागते. तेथील इक्रिसॅट ह्या आंतरराष्ट्रीय संस्थेत शर्मा आणि ढिल्लों ह्या कीटकशास्त्रज्ञांनी बीटी आणि साधी कपाशी शेजारीशेजारी लावून ढालकिडे, क्रायसोपा, कोळी मोजले. बीटीमुळे म्हणून त्यांच्या संख्येत फारसा फरक पडला नाही. जेथे फवारणी झाली तेथे ते घटले.

त्याच संस्थेत एका लहानशा गांधीलमाशीचा अभ्यास झाला, आणि तो आमच्या मते सर्वांत बोधक आहे. कॅम्पोलेटिस नावाची ही माशी डासाहून थोडी मोठी. ती कोवळ्या घाटेअळीच्या अंगात अंडे घालते. आतले पिल्लू अळीला आतून खाऊन वाढते आणि बाहेर येऊन झाडावरच कोश करते. आपल्या हरभऱ्यात डोळे उघडे ठेवून फिरलात, तर करड्या-पांढऱ्या रंगाचा, काळे ठिपके असलेला, तांदळाच्या दाण्याएवढा हा कोश फांदीला चिकटलेला सापडेल. त्याच्या शेजारी अळीची वाळलेली कातडी असते. ह्या माशीच्या पिल्लांना बीटी खाल्लेल्या अळ्यांत वाढविले, तेव्हा ती नीट जगेनात. विषाने? तसे दिसले नाही. अळीच आजारी होती आणि आधी मेली, म्हणून पिल्लांना अन्न पुरले नाही. सावकाराला बुडविण्यासाठी कुळालाच मारावे तसा हा प्रकार झाला. जो कीटक केवळ बोंडअळीवर पोट भरतो, तो बोंडअळी गेल्यावर तेथे उरणार नाही, हे उघड आहे. नुसत्या प्रथिनाच्या चाचणीत ही गोष्ट दिसत नाही. ती पाहण्यासाठी शेतातल्या सगळ्या घरकुटुंबाचा हिशेब ठेवावा लागतो.

येथवर ऐकून कुणास वाटेल, की मग बीटीचे सर्व ठीकच आहे. पहिली काही वर्षे ते पुष्कळसे ठीक होते, असे आम्हीही म्हणू. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे पूर्वीचे संचालक केशव क्रांती ह्यांनी ह्याचा हिशेब मांडलेला आहे. बोंडअळ्यांसाठी २००१ मध्ये देशात नऊ हजार टनांहून अधिक कीटकनाशक फवारले गेले, ते २०११ पर्यंत काही शे टनांवर आले. चीनमध्येही असेच घडले. उत्तर चीनमधल्या ३६ ठिकाणी १९९० ते २०१० अशी वीस वर्षे नोंदी ठेवल्या होत्या, त्या २०१२ मध्ये प्रसिद्ध झाल्या. फवारे कमी झाले तसे ढालकिडे, क्रायसोपा आणि कोळी वाढले, मावा घटला, आणि त्याचा लाभ शेजारच्या मका, भुईमूग, सोयाबीन ह्या पिकांनाही मिळाला.

परंतु त्याच चीनमध्ये आणखी एक गोष्ट झाली. पूर्वी बोंडअळीसाठी जी औषधे पडत त्यांनी मिरिड नावाचा एक ढेकूण सहजासहजी मरत असे. फवारे थांबले आणि तो माजला, इतका की कपाशीतून बाहेर पडून फळबागांत शिरला. आपल्याकडे कर्नाटकात मिरिड ढेकूण दिसू लागला. एक मुद्दा मात्र आपल्या देशापुरता वेगळा आहे. बीटीचे जनुक आपल्याकडे संकरित वाणांत घातले गेले, आणि अशा वाणांची संख्या दहा वर्षांत हजारावर गेली. त्यांतील पुष्कळ वाण तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी ह्या रसशोषक किडींना सहज बळी पडणारे होते. नांदेडकडची जुनी गावरान कपाशी ह्या किडींना दाद देत नसे. तिचा धागा आखूड म्हणून ती मागे पडली. नव्या बियाला कंपन्या आधीच इमिडाक्लोप्रिड औषध चोळून देऊ लागल्या. सुरुवातीचे दिवस पीक सुरक्षित राही, पण काही वर्षांत तुडतुडे त्या औषधाला सरावले आणि पंप पुन्हा पाठीवर चढला. रसशोषक किडींसाठी २००६ मध्ये दोन हजार टनांच्या आसपास औषध लागत होते. २०११ मध्ये ते सहा हजारांवर गेले. म्हणजे अळीच्या नावाने जे वाचले त्यातले बरेचसे माव्या-तुडतुड्याच्या नावाने परत खर्ची पडले, आणि ह्या फवाऱ्याखाली ढालकिडा, कोळी आणि मधमाशी पूर्वीसारखीच सापडू लागली. २०१५ मध्ये पंजाबात पांढऱ्या माशीने कपाशीचा फडशा पाडला, तोही अशाच अविचारी फवारणीच्या मागोमाग.

येथे एक उपकथा सांगावीशी वाटते. २००५ च्या सुमारास पिठ्या ढेकूण नावाची पांढऱ्या भुकटीने माखलेली कीड आपल्या देशात कपाशीवर आली. ती मूळची अमेरिकेकडची. बीटीने ती आणली नाही, पण ती आली तेव्हा सगळीकडे बीटीच उभी होती, म्हणून दोष तिच्या माथी बसला. गाजरगवतावर ही कीड सुखाने राहते, आणि गाजरगवत आपल्याकडे कुठे नाही? शेतकऱ्यांनी औषधांचा मारा केला, त्या किडीच्या मेणचट अंगावरून ते ओघळून गेले. आणि मग दोनतीन वर्षांत कुणी न बोलावता एक काळी, तिळाएवढी गांधीलमाशी प्रकट झाली. ती पिठ्या ढेकणाच्या अंगात अंडे घाली आणि त्याचे तपकिरी, फुगलेले, कडक भांडे करून टाकी. पुष्कळ ठिकाणी तिनेच ही कीड आटोक्यात आणली. २००९ मध्ये अलीगढचे मोहम्मद हयात ह्यांनी तिला शास्त्रीय नाव दिले, एनेसियस बंबावालेई, आणि ते बंबावाले ह्या आपल्या कीटकशास्त्रज्ञाच्या सन्मानार्थ. पुढे असे ठरले की अमेरिकेत तिचे आधीच एक बारसे झालेले होते. नाव काही असो. ह्या माशीला तिच्या कामाचा मोबदला कुणी दिला नाही, आणि जेथे फवारे थांबले नाहीत तेथे तिला मारण्यासाठी मात्र पैसे खर्च झाले.

आता शेंदरी बोंडअळीकडे येऊ, कारण शेवटी तिनेच सगळा डाव उधळला. ही अळी घाटेअळीसारखी दहा घरी जेवणारी नाही. ती जवळजवळ कपाशीवरच जगते, फार तर भेंडी-अंबाडीवर थोडी. कळीत शिरून ती पाकळ्या आतून शिवून टाकते, त्या न उमललेल्या फुलाला शेतकरी डोमकळी म्हणतो. मग ती बोंडात जाऊन सरकी खाते. बाहेरून बोंड साजरे दिसते, आत काही नसते. जिचे सगळे आयुष्य एकाच पिकावर, आणि त्या पिकाच्या पानोपानी विष, तिच्यातल्या ज्या थोड्या अळ्या मुळात निर्ढावलेल्या असतील त्यांचीच प्रजा उरणार. हे शास्त्रज्ञांना आरंभापासून माहीत होते. म्हणून २००२ च्या परवान्यातच अट होती, की बीटी कपाशीभोवती साध्या कपाशीच्या पाच ओळी, किंवा एकंदर क्षेत्राच्या वीस टक्के, ह्यांतले जे अधिक असेल तेवढे लावावे. ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम साधे बी त्यासाठीच मिळत असे. त्या ओळींत विष न खाल्लेले पतंग तयार व्हावेत, निर्ढावलेल्यांशी त्यांचा संकर व्हावा आणि पुढची पिढी मरणारी निघावी, अशी ही योजना.

त्या १२० ग्रॅमच्या पुडीचे काय झाले हे आपल्यापैकी ज्यांची कपाशी असेल त्यांना विचारा. ती बहुतेक ठिकाणी बांधावर पडली. आम्ही शेतकऱ्याला दोष द्यावयास तयार नाही. अमेरिकेत हजार एकराच्या धन्याला वीस टक्के अळीला सोडणे परवडते. आपल्याकडे तीन एकरवाल्याने अर्ध्या एकराहून अधिक रान किड्यांना आंदण द्यावे, अशी अपेक्षा कोणत्या हिशेबाने केली? शिवाय पुडीतले बी अनेकदा भलत्याच वाणाचे, भलत्याच दिवसांत फुलणारे असे. काही पाकिटांबरोबर तुरीचे बी दिले गेले. घाटेअळीसाठी ते ठीक होते, पण शेंदरी अळी तूर खातच नाही, तेव्हा तिच्या दृष्टीने त्या ओळी असून नसल्यासारख्या. त्यातच लांबलेला हंगाम आणि फरदडीची हौस. पाणी आहे म्हणून मार्चपर्यंत पऱ्हाटी उभी ठेवली की अळीला वर्षभर घर मिळते. गुजरातेत २००९ च्या हंगामातच ही अळी पहिल्या प्रथिनाला दाद देईनाशी झाली. २००६ मध्ये आलेल्या दोन प्रथिनांच्या वाणानेही पुढे हात टेकले. २०१७ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतांत बोंडे फोडावीत तो आत गुलाबी अळी, असे झाले.

त्याच २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले, आणि शेकडो रुग्णालयात गेले. त्या वर्षी कपाशी डोक्याइतकी वाढली होती. फवारा वर मारावा लागे, तो अंगावर येई. मरणारांत पुष्कळसे रोजंदारीवर पंप मारणारे होते. ज्या बियाने फवारणी संपेल असे सांगितले गेले होते, त्या बियाच्या शेतात हे घडले. ज्यांना मारावयाचे नव्हते अशांच्या यादीत आपण आतापर्यंत कीटकच मोजत होतो. ती यादी येथे पुरी होत नाही, एवढेच म्हणतो. २०२० मध्ये क्रांती आणि ग्लेन स्टोन ह्यांनी वीस वर्षांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांचा निष्कर्ष असा, की भारतातला कपाशीवाला कीटकनाशकांवर बीटी येण्याच्या आधीपेक्षाही अधिक खर्च करीत आहे.

हे अटळ होते असे मात्र कुणी समजू नये. अमेरिकेत ॲरिझोना भागात हीच शेंदरी अळी होती, हेच बी होते. तेथे साध्या कपाशीचे पट्टे काही वर्षे नेमाने राखले गेले. नंतर वांझ केलेले पतंग विमानातून सोडले, सापळे लावले, आणि २०१८ मध्ये त्यांच्या सरकारने शेंदरी अळी आपल्या कपाशीच्या मुलखातून नाहीशी झाल्याचे जाहीर केले. तेथे विमाने होती, आपल्याकडे नाहीत, हे खरे. पण कामगंध सापळा आपल्याकडेही मिळतो. सापळ्यात रोज आठ पतंग असे सलग तीन दिवस सापडले, किंवा शंभर फुलांत दहा डोमकळ्या दिसल्या, तरच औषधाचा विचार करावा, असे कापूसशास्त्रज्ञ सांगत आलेले आहेत. मोजल्याशिवाय पंप उचलावयाचा नाही, इतका साधा हा नियम आहे. आणि हंगामाच्या आरंभी साठ दिवस फवारणी टाळली तर मित्रकीटकांचा जम बसतो, हेही अनुभवाचे आहे.

आता आरंभी दिलेला शब्द पाळतो. घाटेअळीच्या बाबतीत एक गोष्ट फार विचार करण्याजोगी आहे. शेंदरी अळी बीटीला निर्ढावली, पण घाटेअळी तितक्या लवकर निर्ढावली नाही. त्याचे एक मोठे कारण असे मानले जाते, की ती बारा पिकांवर जगते आणि त्यांतले बीटी पीक एकच आहे. कपाशीच्या पाच ओळी कुणी राखल्या नाहीत, तरी उदगीरच्या, अहमदपूरच्या, देगलूरच्या तुरीने आणि हरभऱ्याने हे काम नकळत केले. विष न खाल्लेले लक्षावधी पतंग आपल्या शेतांतून निघाले आणि त्यांनी निर्ढावलेल्यांची पैदास पातळ ठेवली. आपल्या शेतकऱ्याने घाटेअळीने खाल्लेल्या घाट्यांच्या रूपाने नांदेडच्या कपाशीचा विमा भरला आहे. त्याची पावती कुणी त्याला दिलेली नाही. कॅम्पोलेटिस माशीचे घरही ह्याच हरभऱ्यात शाबूत राहिले.

बीटी हरभऱ्यावर आपल्या देशात संशोधन चालू आहे. आसाम कृषी विद्यापीठाने ते पुष्कळ पुढे नेले आहे. घाटेअळीने हरभऱ्याचे जे नुकसान होते ते पाहता असे बी उद्या दुकानात आले तर शेतकरी आनंदाने घेईल, आणि त्याला नको म्हणण्याचा आम्हांस अधिकार नाही. परंतु त्या वेळी काही गोष्टी सरकारला, विद्यापीठाला आणि कंपनीला ह्या गावाने विचाराव्यात. त्या बियात कपाशीतले क्राय वन-एसीच घातलेले आहे काय? तसे असल्यास पावसाळ्यात कपाशीवर आणि हिवाळ्यात हरभऱ्यावर, एकाच अळीला एकाच विषाचे दोन घास वर्षभर मिळतील, त्याचा विचार कुणी केला आहे? विष न खाल्लेले पतंग मग कोठून यावयाचे? केवळ तुरीतून ते पुरेसे निघतील काय, हे मराठवाड्यात कुणी मोजले आहे? हरभऱ्यातल्या गांधीलमाशीची, ढालकिड्याची, कोळ्याची मोजदाद बी येण्याच्या आधी झाली आहे काय? कारण आधीचा आकडा नसेल तर नंतर काय घटले हे कुणालाच सांगता येणार नाही. कपाशीच्या वेळी आपल्या जिल्ह्यांत अशी मोजदाद कुणी गावोगाव करून ठेवली नाही. हरभऱ्यासाठी अजून वेळ आहे. परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ जवळ आहे, महाविद्यालयांतून प्राणिशास्त्र शिकणारी मुले आहेत. हिवाळ्यात आठवड्यातून एक दिवस ठरावीक शेतात वीस झाडे न्याहाळून वहीत आकडे लिहिणे, एवढेच हे काम आहे.

ह्यावर कुणास काही विचारावयाचे असल्यास अवश्य विचारावे. आम्ही थांबलो आहोत.